हरिपूरच्या पेवातली हवा

हॅम्पशायर, इंग्लंड

ती. अण्णा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

अण्णा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, जमिनीतल्या त्या कोठारांवर, प्रबंध लिहायचा तर त्यासाठी एवढ्या लांब जायचं कशाला? तेवढ्यात फोन आईकडे गेला आणि उत्तर राहिलं. ते फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नव्हतंही, म्हणून सविस्तर लिहिते.

इथे डेनबरी नावाची टेकडी आहे. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे तटबंदी बांधून लोक राहत होते. पुरातत्त्वज्ञ बॅरी कनलिफ यांनी १९६९ ते १९८८ अशी वीस वर्षं तिथे उत्खनन केलं, तेव्हा खडूच्या जमिनीत खोदलेली हजारो पेवं निघाली. तोंड अरुंद, पोट मोठं. पुढे पीटर रेनॉल्ड्स यांनी १९७०च्या दशकात इथल्याच बटसरच्या शेतावर तशी पेवं खोदून, धान्य भरून, तोंड मातीने लिंपून काय होतं ते पाहिलं. भिंतीलगतचं धान्य ओलाव्याने उगवू लागतं, आतला प्राणवायू संपवतं आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं. तेवढी कड वाया जाते, पण बाकीचं सगळं धान्य झोपी जातं. ना कीड, ना बुरशी. वसंतात काढून पेरलं तरी उगवतं. हे वाचताना मला सारखं हरिपूर दिसत होतं.

पण आपल्या पेवाचं कोडं याहून अवघड आहे. गहू जिवंत असतो, श्वास घेतो. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश होऊन मगच सौद्याला येते. शिजलेलं हळकुंड ना उगवतं, ना श्वास घेतं. मग त्या पेवातला प्राणवायू जायचा कुठे? तो संपायचा हे नक्की. तुम्हीच सांगायचात ना, पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही, तोंड मोकळं ठेवून थांबायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा, आणि तो विझला तर माघारी फिरायचं. बाहेरच्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. १६ टक्क्यांच्या आसपास आला की ज्योत जाते, माणूस मात्र अजून शुद्धीवर असतो. म्हणजे कंदील माणसाच्या आधी विझतो, म्हणूनच तो खाली सोडायचा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी साचून राहतो, म्हणून वरून वाकून पाहण्यात अर्थ नाही, कंदील तळापर्यंत गेलाच पाहिजे. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी रसायनशास्त्र कुठल्या वर्गात शिकलं नव्हतं, पण त्यांचं बरोबर होतं.

माझा अंदाज असा, की ही करामत उसाच्या पाचटाची असावी. भिंतीला लावलेलं पाचट जमिनीच्या ओलीने सावकाश कुजत असणार आणि कुजताना प्राणवायू खात असणार. हळदीतला भुंगेराही श्वास घेऊन घेऊन शेवटी स्वतःच गुदमरत असणार. शिवाय आत मिट्ट काळोख. हळदीचा पिवळेपणा ज्या कुर्क्युमिनमुळे येतो ते उजेडात उडतं. तुम्ही हळकुंड कडकन मोडून आतला रंग डोळ्यांनी जोखता, तेच आम्ही इथे अर्क काढून, त्यातून ४२५ नॅनोमीटरचा प्रकाश सोडून मोजतो. तुमचा निवाडा आणि यंत्राचा आकडा शेजारी शेजारी मांडायचा, हे माझ्या प्रबंधातलं एक प्रकरणच आहे.

आता पाचट ओलं लावायचे की वाळकं, थर किती, तळाला काय, ते बदलायचे केव्हा? मला हे छापलेलं कुठे मिळालं नाही. ते पेव भरणाऱ्या हमालांना माहीत आहे. इथले एक सर म्हणाले, "एक तर रसायन घे, नाहीतर माणसं घे, दोन्ही एका प्रबंधात मावणार नाही." मला ते पटत नाही, आणि तसं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. हमालाला विचारल्याशिवाय माझा प्रयोगच मांडता येत नाही. आणि विचारायचंच तर फक्त पाचटाचं विचारून उठायचं का? पेवात उतरणाऱ्याला जादा मजुरी मिळायची का? आत कुणी गुदमरला तर त्याच्या घरच्यांना कुणी काय दिलं? हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९ चा, तो मिळवून देणारे अण्णासाहेब पाटील आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातले. त्या कायद्याचा हात या पेवापर्यंत पोचला होता का? २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं त्याचा आपल्या सगळ्यांना अभिमान आहे. पण ती हळद वर्षानुवर्षं टिकवून दाखवणाऱ्यांची नावंसुद्धा कुठे नोंदलेली असू नयेत, याचं मला फार वाईट वाटतं.

आणखी एक. डेनबरीला रिकाम्या झालेल्या पेवांत जनावरांची, कुठे माणसांचीही हाडं सापडली. बियाणं सांभाळल्याबद्दल जमिनीतल्या दैवतांना वाहिलेलं ते असावं, असं कनलिफ मानतात. आई, आजीला विचारशील का, पेव भरताना किंवा उघडताना नारळ फोडायचे का? बायकांना तिथे जाऊ द्यायचे का? आरेवाडीला बिरोबावर जो भंडारा उधळतात त्यासाठी पेवातली हळद वेगळी काढून ठेवायचे, असं ती एकदा म्हणाली होती. ते तिच्या तोंडून, तिच्याच शब्दांत हवंय. धाकट्याला मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांग, मध्ये कुणी बोलू नका.

घाई अशासाठी, की २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं आणि माल वखारी-कोल्ड स्टोरेजकडे वळला. तेव्हा चाळिशीत असलेले हमाल आता साठीपुढे आहेत. मी संक्रांतीनंतर येते, नवी हळद मार्केट यार्डात यायला लागेल तेव्हाच. तोवर अण्णा, तुमच्या अडत दुकानातल्या जुन्या रोजकीर्दी आणि खतावण्या रद्दीत जाऊ देऊ नका. पेव न उघडता नुसत्या पावतीवर माल हातोहात विकला जायचा म्हणता, तशी एखादी पावती असेल तर उत्तमच. मालकांना माझ्या वतीने विचारा, वह्या दुकानातच बसून पाहीन, बाहेर नेणार नाही. आणि पेवात उतरलेल्या कुणाशी ओळख असेल तर आधी तुम्हीच जाऊन बोला. इथल्या नियमाप्रमाणे मला प्रत्येकाची संमती घ्यावी लागते, पण कागदावर अंगठा मागितला की आपली माणसं बिचकतात. तोंडी संमती चालेल अशी परवानगी मी मिळवली आहे, तेवढं त्यांना आधी सांगा.

आजीला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद. गोळ्या वेळेवर घ्या.

तुमची,
ताई