ओआरएसची पुडी किती पाण्यात?

महोदय,

पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली की घरोघरी ओआरएसची पुडी येते. तिची खरी परीक्षा एका निर्वासित छावणीत झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून सीमा ओलांडून पश्चिम बंगालमधील बनगावला आलेल्या लोकांत पटकी पसरली. रुग्ण जमिनीवर पडलेले आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आलेले. ढाक्यात 1968 मध्ये नॅलिन आणि कॅश या डॉक्टरांनी तोंडाने पाजायच्या द्रावणाचा गुण दाखवून दिला होता. त्याच आधारावर डॉ. दिलीप महालनाबिस यांनी ते सरसकट पाजायला घेतले. लिटरभर पाण्याला 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा. कोलकात्यात पूड तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरायची, तोंड गरम इस्त्रीने चिकटवायचे, छावणीत पिंपातल्या पाण्यात विरघळवायची आणि रुग्णाला पाजायचे काम नातेवाइकांकडे द्यायचे. आधी शंभरात तीसच्या आसपास रुग्ण दगावत होते; आठ आठवड्यांत हे प्रमाण 3.6 टक्क्यांवर आले. डॉ. महालनाबिस यांना 2023 मध्ये पद्मविभूषण जाहीर झाले, तेव्हा ते हयात नव्हते.

नातेवाईक हे करू शकले, कारण माप आधीच पिशवीत भरलेले होते. आज नेमके तेच माप घरात चुकते. लहान आतड्यात ग्लुकोज आणि मिठातले सोडियम जोडीने आत शोषले जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. जुलाबातही ही वाट चालू राहते. पण द्रावण घट्ट झाले, तर साखर उलट शरीरातले पाणी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. सोडियम जास्त गेले, तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. पातळ केले, तर क्षार पुरेसे मिळत नाहीत. 2002 पासूनच्या सूत्रात लिटरला 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. सोड्याची पूड दमट हवेत टिकत नसे, म्हणून सायट्रेट आले.

दुकानात दोन पुड्या मिळतात. मोठी एक लिटरची, छोटी 200 मिलीची. मोठी पुडी पेलाभर पाण्यात ओतली, की द्रावण जवळपास पाचपट घट्ट होते. "थोडी आत्ता, थोडी संध्याकाळी" असे पुडीचे भागही करू नयेत, कारण घटक सारखे वाटले जात नाहीत. माप म्हणून पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली सर्वांत भरवशाची. तांब्या आणि पेले घरोघरी वेगळे. पाणी उकळून पूर्ण गार करावे, मग पूड घालावी. तयार द्रावण पुन्हा उकळू नये. त्यात दूध, रस, जादा साखर काहीही घालू नये. 24 तासांनंतर उरलेले फेकून द्यावे.

दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर 50 ते 100 मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला 100 ते 200 मिली. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावे. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. सहा महिन्यांपुढील मुलांना रोज 20 मिलिग्रॅम जस्त 14 दिवस देतात. जुलाब थांबले म्हणून गोळ्या मध्येच सोडू नयेत. पुडी मिळेपर्यंत लिटरभर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ चालते, मात्र त्यात पोटॅशियम नसते. मूल सुस्तावले, डोळे खोल गेले, लघवी थांबली, पिणेच बंद झाले किंवा शौचातून रक्त आले, तर घरी वेळ घालवू नये.

गोड पेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' छापण्याला ऑक्टोबर 2025 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली, हे चांगलेच झाले. आता पुडीवर "एक लिटर" किंवा "200 मिली" हे शब्द मराठीत, सर्वांत मोठ्या अक्षरांत छापणे कंपन्यांना बंधनकारक करावे. औषध विक्रेत्यांनीही पुडी देताना पाण्याचे माप तोंडी सांगावे.

— एक फार्मासिस्ट, सातारा