पोटावरच्या व्रणाविषयी

चि. प्राजू हिस,
अनेक आशीर्वाद.

अमरावतीला जाताना दिलेली फाईल पेटीच्या तळाशी ठेवू नको. त्यात काय आहे ते तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून लिहिते.

तू दीड वर्षाची होतीस. आंघोळ घालताना पोटात टणक गोळा हाताला लागला. आजी म्हणाली, "जंतं असतीन, काहून घाबरतं?" नागपूरला सोनोग्राफी, सीटी झालं आणि कळलं, गाठी दोन्ही किडन्यांत आहेत. विल्म्स ट्यूमर. हा कॅन्सर होणाऱ्या शंभर मुलांत जेमतेम पाच-सात जणांना तो दोन्हीकडे असतो. तुझ्या खाटेला पाटी होती, "पोट दाबू नये". गाठ फुटली तर आजार पोटभर पसरतो. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ती पाटी आधी वाचायला लावायची.

एकाच किडनीत गाठ असली तर बहुतेक वेळा अख्खी किडनी काढतात. तुझ्या दोन्ही काढल्या असत्या तर डायलिसिसशिवाय गत्यंतर नव्हतं. म्हणून आधी केमो देऊन गाठी आकसू दिल्या. मग सर्जननी कागदावर दोन किडन्या काढल्या, पेनानं रेघा मारत सांगितलं, "गाठ तेवढी काढायची, चांगला भाग जमेल तितका राखायचा." उजवी बरीचशी वाचली, डावी निम्मी. त्या माणसाच्या हातांना मी अजून रोज नमस्कार करते.

आता नीट वाच. एका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. गेलेल्या पुन्हा उगवत नाहीत, उरलेल्यांवर जास्तीचा भार पडतो. बीपी वाढलं तर त्या आणखी झिजतात, आणि वाढलेलं बीपी बरेचदा जाणवतही नाही. म्हणून बीपी, लघवीतलं प्रोटीन आणि किडनी नीट गाळते का ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन ठरल्या वेळी तपासायचंच, बरं वाटत असलं तरी. पाळीत पोट दुखलं की मैत्रिणी पर्समधली गोळी देतील. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अजिबात घेऊ नको, किडनीला बाधतात. पॅरासिटामॉल चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय. गावाकडून कुणी भस्म-काढा पाठवला तरी नको, मग ते सख्खे मामा का असेनात. उन्हाळ्यात पाणी जवळ ठेव. उलट्या-जुलाब झाले तर अंगावर काढू नको.

व्रण कुणी पाहिला तर लपवायचं कारण नाही. सांगायचं की नाही, ते तू ठरव.

या आठवड्यात तिथल्या डॉक्टरांना फाईल दाखव आणि बीपीचा आकडा फोनवर कळव. बाबा कापूस घेऊन जिनिंगला गेलेत, आल्या आल्या तेच विचारतील.

तुझी,
आई