मुक्ताच्या हाती पैसे देताना

वाई,
दि. १२ ऑक्टोबर २०२५

प्रिय वासंती,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मुक्ता शंभरपर्यंतचे आकडे न अडखळता म्हणते, पण दुकानात दहाची नोट हातात दिली की गोंधळून तुझ्या तोंडाकडे पाहते, असे तू लिहिले आहेस आणि तिला मोजणे व पैशांचा व्यवहार नीट कसा शिकवावा असे विचारले आहेस. पहिली-दुसरीचे वर्ग मी बरीच वर्षे सांभाळत आले आहे आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. त्यामुळे पत्र लांबले तर सवडीने वाच.

आकडे म्हणता येणे आणि मोजता येणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आकडे पाठ असलेले मूल मोजताना एकाच चिंचोक्यावर दोनदा बोट ठेवते, एखादा वगळते, किंवा बोट मागे राहते आणि तोंड पुढे जाते. म्हणून आधी एवढे करून पाहा. तिच्यासमोर तेरा चिंचोके ओळीने मांड आणि मोजायला सांग. तिने मोजले, की तेच चिंचोके हाताने पसर आणि ‘आता किती?’ असे विचार. ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली, तर शेवटी उच्चारलेला आकडा हा सगळ्यांचा मिळून असतो आणि मांडणी बदलल्याने तो बदलत नाही, हे तिच्या मनात अजून पक्के झालेले नाही असे समज. त्यानंतर समोर मोठा ढीग ठेवून ‘मला त्यातले सात दे’ असे सांग. समोरचे सात मोजण्यापेक्षा ढिगातून सात काढून देणे मुलांना कितीतरी अवघड जाते, कारण कोठे थांबायचे हे मोजताना सतत लक्षात ठेवावे लागते. दुकानात पैसे देताना नेमके हेच करायचे असते. ‘दे’ म्हटल्यावर बरोबर तेवढेच देता येईपर्यंत पैशांचा विषय काढण्याची घाई मी वर्गात कधीच करत नाही.

पुढची पायरी दहाची, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. दहा चिंचोके डोळ्यांना दहा दिसतात. दहाची नोट मात्र एकच कागद असतो. त्या एका कागदात दहा रुपये आहेत हे केवळ मोठ्यांच्या सांगण्यावरून मुलाने मानायचे असते, आणि सहा वर्षांच्या मुलाने ते सहज मानावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही. एका हातात दहाची नोट आणि दुसऱ्या हातात एक-एक रुपयाची चार नाणी धरून ‘कोणते जास्त?’ असे विचारले, की वर्गातील निम्मी मुले तरी नाण्यांकडे बोट दाखवतात. त्यांचे उत्तर त्यांच्या दृष्टीने रास्त असते, कारण त्यांनी वस्तू मोजलेल्या असतात.

नाण्यांमुळे गोंधळात आणखी भर पडते. २०११ च्या मालिकेतील दोन रुपयांचे नाणे पाच रुपयांच्या नाण्यापेक्षा आकाराने मोठे आहे, त्यामुळे मोठे नाणे म्हणजे जास्त पैसे हा मुलांचा साधा हिशेब तिथे चुकतो. २०१९ मध्ये दृष्टिहीन व्यक्तींना ओळखता यावीत म्हणून जी नवी मालिका काढली, तिच्यात किंमत वाढेल तसा आकार आणि वजन वाढत जाईल अशी रचना केली आणि वीस रुपयांचे बारा कडांचे नाणेही आणले. लहान मुलांनाही ही मालिका फार सोयीची आहे. पण हातात येणाऱ्या चिल्लरीत सगळ्याच मालिकांची नाणी मिसळलेली असतात. म्हणून सुरुवातीला निवडून फक्त एक रुपयाचीच नाणी दे, आणि दोन, पाच, दहा ही नाणी एकेक करून, आधीचे अंगवळणी पडल्यावरच आण.

दहाची नोट हाती देण्याआधी मात्र काड्यांचे गठ्ठे बांधणे आवश्यक आहे. आइस्क्रीमच्या काड्या किंवा झाडूच्या हिराचे तुकडे घे. दहा मोजायचे, रबर लावायचे आणि गठ्ठा बाजूला ठेवायचा. हे काम मुक्तानेच, स्वतःच्या हातांनी, कंटाळा येईपर्यंत करावे. चार गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या म्हणजे त्रेचाळीस, हे गठ्ठे न सोडता ती सांगू लागली की तिला दशक कळले. मग एका गठ्ठ्याशेजारी दहाची नोट ठेव, दुसऱ्याशेजारी दुसरी ठेव, आणि काही दिवसांनी गठ्ठे काढून घे.

संख्यांच्या नावांविषयीही थोडे लिहिते, कारण तू त्यावर वैतागली आहेस. मुक्ता बावन्न ऐकून २५ लिहिते आणि एकोणसाठ ऐकून ६९ लिहिते, यात तिचा दोष नाही. आपण बोलताना एकक आधी उच्चारतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. शिवाय एकोणसाठमध्ये तिच्या कानाला साठच ऐकू येते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ अशा वाचनाला जागा दिली, तेव्हा केवढी टीका झाली ते तुला आठवत असेल. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागची भूमिका शांतपणे मांडली होती आणि रूढ नावे पुस्तकात कायम आहेत हेही सांगितले होते. माझा अनुभव त्यांच्याच बाजूचा आहे. ‘पन्नास दोन म्हणजे बावन्न’ असे दोन्ही एका श्वासात म्हणत गेले, की मुले अंकांची अदलाबदल फार कमी करतात. मात्र ‘बावन्न’ शिकवायचे टाळून चालणार नाही, कारण भाजीवाली मावशी बावन्नच म्हणणार आणि तिचे म्हणणे मुलाला समजलेच पाहिजे.

आता प्रत्यक्ष नोटांकडे येते. मुले नोट रंगावरून ओळखतात. दहाची चॉकलेटी, वीसची हिरवट पिवळी, पन्नासची निळी, शंभरची जांभळट. सुरुवातीला ते पुरते, पण जुन्या मालिकेतील नोटा अजून चलनात आहेत आणि त्यांचे रंग निराळे आहेत, म्हणून प्रत्येक वेळी आकडा वाचायची सवय लाव. नव्या नोटांवर देवनागरी अंक आहेत आणि मागच्या बाजूला पंधरा भाषांच्या पट्टीत मराठीतही किंमत छापलेली आहे. नुकतेच वाचू लागलेल्या मुलाला त्या बारीक ओळींतून ‘वीस रुपये’ शोधून काढण्यात भारी गंमत वाटते. वीसच्या नोटेवर मागे वेरूळची लेणी आहेत, तीही तिला दाखव.

नोटा ओळखता आल्यानंतरचा सर्वांत मोलाचा खेळ म्हणजे सुटे करून आणण्याचा. मुक्ताजवळ दहाच्या चार नोटा आणि एक-एक रुपयाची तीन नाणी ठेव. तू दुकानदार हो आणि तिच्याकडे अठरा रुपये माग. ती आधी दहाची एक नोट देईल, मग आठ रुपये द्यायला जाईल आणि तिच्या लक्षात येईल की नाणी तीनच आहेत. इथे तिला काही सुचवू नकोस, थोडी थांब. बहुतेक मुले जरा वेळ घुटमळतात आणि मग आपणहून म्हणतात, ‘याचे सुटे द्या.’ दहाची एक नोट देऊन दहा नाणी घेतली, आधीच्या तिनात मिळवून तेरा झाली, त्यांतली आठ दिली आणि पाच उरली. जवळ दोन नोटा आणि पाच नाणी, म्हणजे पंचवीस रुपये शिल्लक. वहीत ४३ मधून १८ वजा करताना दशक सुटा करतात तो हाच. ज्या मुलाने तो आधी हाताने सुटा केला आहे, त्याला वहीतील खाडाखोडीचे कारण पुन्हा समजावून सांगावे लागत नाही.

उरलेले पैसे मोजून घेणे मात्र वजाबाकीने शिकवू नकोस. आठवडे बाजारात जुन्या वळणाच्या बायका सुटे कसे परत देतात ते आठव. बत्तीस रुपयांची भाजी झाली आणि आपण पन्नासची नोट दिली, तर त्या आपल्या तळहातावर दोनचे नाणे ठेवून ‘चौतीस’ म्हणतात, रुपया ठेवून ‘पस्तीस’, पाचचे नाणे ठेवून ‘चाळीस’ आणि दहाची नोट ठेवून ‘पन्नास’. त्यांनी कोठेही वजाबाकी केलेली नसते. त्या फक्त पुढे मोजत गेलेल्या असतात आणि अठरा रुपये आपोआप आपल्या हातात आलेले असतात. सात वर्षांच्या मुलाला हे चांगले जमते, आणि समोरच्याने दिलेले पैसे बरोबर आहेत का हे याच रीतीने तपासता येते. जवळचा पुढचा दशक गाठायचा आणि मग दहा-दहाने जायचे, ही सवय पुढे तोंडी हिशेबात जन्मभर उपयोगी पडते.

शाळेतले गणित आणि बाजारातला हिशेब यांची सांगड आपोआप बसते असे मात्र समजू नकोस. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो ज्यांत होते अशा संशोधकांच्या गटाने कोलकाता आणि दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला आणि तो २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. निरनिराळ्या भावांचे आणि वजनांचे अवघड हिशेब तोंडी बिनचूक करणारी ही मुले वहीतील त्याच तोडीच्या उदाहरणांत अडत होती, आणि बाजाराचा अनुभव नसलेली शाळकरी मुले वहीतील गणिते सोडवूनही बाजारच्या हिशेबात अडखळत होती. मला हे वाचून फार वाईट वाटले, कारण दोन्ही प्रकारची मुले माझ्या वर्गात एकाच बाकावर बसलेली मी पाहते. म्हणून घरी एक पथ्य पाळ. दुकानातून आल्यावर मुक्ताने जो हिशेब तोंडी केला तोच तिच्याकडून पाटीवर लिहून घे, आणि वहीतील एखादे उदाहरण काढले की ते नोटा-नाणी मांडून करून दाखवायला सांग.

याच्या आड येणारी आजची मोठी गोष्ट म्हणजे आपला मोबाइल. २०१६ मध्ये यूपीआय आले आणि आपली सोय झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मुलाच्या दृष्टीने पाहिले तर आई फोन पुढे धरते, दुकानातील पेटी काहीतरी बोलते आणि पिशवी भरते. काय दिले, किती उरले, यांतले काहीच दिसत नाही. तेव्हा मुक्ता बरोबर असेल त्या दिवशी तरी रोख पैसे ने, आणि तेही थोडे, ठरवून. कोथिंबिरीची जुडी दहाला, लिंबे दहाला तीन, मिरचीचा वाटा दहाला, अशी साधी खरेदी तिने स्वतः बोलून करावी. सुटे नाहीत म्हणून दुकानदाराने चॉकलेट पुढे केले, तर ते न घेता ‘मला माझे दोन रुपये हवेत’ असे नम्रपणे म्हणायलाही तिला शिकव. मुलांच्या हाती मुकाट्याने गोळी ठेवण्याची ही पद्धत मला मुळीच पसंत नाही.

आमच्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळांत बालबाजार भरतो, तो तू एकदा येऊन पाहावास अशी माझी मनापासून इच्छा आहे. मुले घरची भाजी, भेळ, सरबत विकायला मांडतात आणि गावातील माणसे विकत घेतात. मागच्या खेपेस दुसरीतला एक मुलगा पाच रुपये जुडी या भावाने कोथिंबीर विकत होता. एका आजोबांनी तीन जुड्या घेऊन वीसची नोट दिली. मुलाने नोट गुडघ्याखाली दाबून ठेवली, जुड्यांवर एकेक बोट टेकवत ‘पाच, दहा, पंधरा’ असे म्हटले, मग रिकाम्या जमिनीवर चौथे बोट टेकवून ‘वीस’ म्हणाला आणि पाचचे नाणे काढून दिले. नसलेल्या चौथ्या जुडीची किंमत त्याने परत केली होती. हे मी त्याला शिकवलेले नव्हते. अशा वेळी मागे उभे राहून उत्तर सांगणाऱ्या पालकांना मी आग्रहाने दूर बसवते, कारण त्या क्षणी घाईने दिलेले उत्तर मुलाच्या हातातला शोध काढून घेते.

खाऊच्या पैशांविषयी तू विचारले आहेस. आठवड्याला ठरलेली लहानशी रक्कम दे, पण ती घरकामाचा मोबदला किंवा गुणांचे बक्षीस म्हणून देऊ नकोस. ती दहा रुपये घेऊन दुकानात गेली आणि तिला सातची एक व पाचची एक अशा दोन वस्तू आवडल्या, तर वरचे दोन रुपये तू घालू नकोस. काय घ्यायचे आणि काय सोडायचे हे तिला ठरवू दे, थोडी रडली तरी चालेल. साठवण्यासाठी मातीच्या गल्ल्याऐवजी काचेची बरणी घे, म्हणजे साठत चाललेले तिला दिसेल आणि महिन्यातून एकदा ओतून मोजताही येईल. पावशेर, अर्धा किलो आणि त्यांचे भाव हे सगळे तिसरी-चौथीत येऊ दे. आपल्या आजोबांच्या काळची पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, तेव्हा पुन्हा हाताशी घेता येतील.

दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही इकडे येणारच आहात, तेव्हा मुक्ताला घेऊन आठवडे बाजाराला जाऊ. तोपर्यंतच्या उपयोगासाठी शंभर मण्यांची एक माळ पाठवत आहे. तिच्यात दहा लाल आणि दहा पांढरे असे मणी आळीपाळीने ओवलेले आहेत. चिंचोक्यांचे आणि ‘सात दे’चे काय झाले ते मला सविस्तर कळव, आणि कोणत्या नाण्याशी ती अडते तेही लिही, म्हणजे पुढचे त्याप्रमाणे ठरवता येईल.

घरातील वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार आणि चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

तुझी,
शालिनी