खुले पत्र: करारनाम्याच्या दाव्यात नुसते ‘अस्वीकार’ म्हणणे पुरेसे का असावे?

प्रति,
माननीय केंद्रीय विधी व न्यायमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

इंदूरमध्ये मिठाई-नमकीनच्या दुकानांना छापील खोके पुरवण्याचा माझा लहानसा धंदा आहे. एका खरेदीदाराकडे 2 लाख 74 हजार रुपये अडकले, नोटिशीलाही उत्तर आले नाही, तेव्हा दिवाणी दावा लावला. कोणत्या तारखेला किती खोके पोहोचवले, चलनावर सही कोणाची, बिल कितीचे, हे सारे मी अकरा परिच्छेदांत मांडले. त्यावर आलेला जवाबदावा, ज्याला महाराष्ट्रातील मंडळी कैफियत म्हणतात, दीड पानांचा होता. परिच्छेद 2 ते 11 असत्य असल्याने अस्वीकार. आणि खाली ‘विशेष कथन’ म्हणून, माल मिळालाच नाही व मिळाला असे मानले तरी तो निकृष्ट होता. कोणता माल, कशात निकृष्ट, तक्रार केव्हा केली, यांबद्दल एक अक्षर नाही. त्याच मालापोटी बँकेतून आलेले 40 हजार रुपये कशाचे, तेही नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मध्ये याला उत्तर नाही असे नव्हे. आदेश 8 (जवाबदाव्याबद्दलचा संहितेतला भाग) चे नियम 3, 4 आणि 5 सांगतात की नकार प्रत्येक कथनागणिक व स्पष्ट हवा, टाळाटाळीचा नको, आणि जे नाकारले नाही ते कबूल धरले जाईल. सर्वोच्च न्यायालयाने बदात आणि कंपनीच्या प्रकरणात हे तिन्ही नियम एकत्र वाचायचे असतात, असे फार पूर्वीच स्पष्ट केले आहे. पण नियम 5 चे परंतुक, म्हणजे त्याला जोडलेला अपवाद, कबूल धरलेली गोष्टही पुराव्याने सिद्ध करायला लावण्याची मुभा न्यायालयाला देते, आणि माझ्या दाव्यात ‘माल पोहोचवला काय?’ असा वादप्रश्न, म्हणजे पुराव्याने ठरवायचा मुद्दा, निघालाच. आता टेम्पो सोडून खरगोनकडे गावी गेलेल्या चालकाला मी साक्षीला शोधतो आहे. असला बचाव आदेश 6, नियम 16 खाली काढून टाकण्याचा अर्ज द्यावा का, असे विचारले तेव्हा वकीलसाहेब म्हणाले, “देऊ, पण त्या अर्जावरच कित्येक पेश्या (तारखा) जातील.”

खटकते ते पुढेच. वाणिज्यिक न्यायालये अधिनियम, 2015 ने याच संहितेच्या आदेश 8 मध्ये नियम 3-अ घातला, ज्यानुसार नकार देणाऱ्याने नकाराचे कारण द्यायचे आणि आपली हकीकत वेगळी असेल तर तीही सांगायची. सोबत सत्यकथनाचे प्रतिज्ञापत्र जोडायचे, आणि ते नसेल तर न्यायालय ते निवेदन (दावा वा जवाबदावा) काढून टाकू शकते. ही शिस्त आधी 1 कोटी आणि 2018 पासून 3 लाख रुपये वा त्यावरच्या वाणिज्यिक दाव्यांना लागू आहे. माझे येणे 26 हजारांनी कमी पडले, म्हणून माझ्या प्रतिवादीला कारण सांगण्याची गरज नाही! खोट्या बचावाबद्दल कलम 35-अ खाली मिळू शकणारी भरपाईही 3 हजारांवर थांबते. त्यात वकिलाच्या मुनशीचा खर्चसुद्धा निघत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून जुनी. आदेश 6 च्या नियम 5 खाली न्यायालय मोघम निवेदन करणाऱ्याला अधिक तपशील देण्याचा आदेश देऊ शकत असे. 1999 च्या सुधारणेने तो नियम वगळला आणि 1 जुलै 2002 पासून तो गेला. तपशिलाच्या अर्जांनी दावे रेंगाळतात, असा विचार त्यामागे असावा. पण तपशीलच नसल्याने साक्षी किती लांबतात, याचा हिशेब कोणी मांडलेला दिसत नाही.

बचाव सरसकट उडवावेत, असे माझे म्हणणे नाही. अनेक प्रतिवादी माझ्यासारखेच लहान व्यापारी असतात आणि वकिलाच्या छापील मसुद्यावर न वाचता सही करतात. त्यांचा खरा बचाव लेखणीच्या आळसापायी बुडू नये. म्हणून नियम 3-अ आणि सत्यकथन रकमेची अट न ठेवता करारावरील सर्व दिवाणी दाव्यांना लावावे, आदेश 6 चा वगळलेला नियम 5 परत आणावा, आणि मोघम जवाबदावा देणाऱ्याला तपशील भरण्यासाठी एकदाच, समजा 30 दिवसांची, संधी द्यावी. तेवढ्यातही तपशील न आल्यास तो बचाव काढून टाकण्याचा अधिकार दिवाणी न्यायाधीशाला वेगळ्या अर्जाविना असावा, आणि अशा प्रकरणात आदेश 8, नियम 5 च्या परंतुकाचा आधार घ्यायचा झाल्यास त्याची कारणे लेखी नोंदवली जावीत, एवढी दुरुस्ती आपल्या मंत्रालयाने मांडावी, ही विनंती.

आपला,
इंदूरचा एक खोकेवाला