काटा केल्याशिवाय गाडी निघणार नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

गणपती उरकले की तुम्ही इकडे येणार आणि मग आपण सगळे पिकअपला राहायचा ट्रेलर जोडून डेन्व्हरहून यूटातल्या आर्चेस राष्ट्रीय उद्यानात जाणार, हे ठरल्यापासून आईच्या जिवाला घोर लागलाय, असं दादा सांगत होता. ट्रेलर उलटल्याचे व्हिडिओ तिला कुणी ना कुणी पाठवत असतं. आई, ते व्हिडिओ खोटे नाहीत, ट्रेलर उलटतात. पण का उलटतात याची कारणं ठरलेली आहेत, आणि त्यातली बहुतेक गाडी दारातून हलायच्या आधीच टाळता येतात. फोनवर नुसतं 'काळजी करू नकोस' म्हणून तुझं समाधान व्हायचं नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

बाबा, आधी तुमचा प्रश्न. अर्ध्या टनाची म्हणवणारी पिकअप पावणेतीन टनांचा ट्रेलर कशी ओढणार? अर्धा टन हा जुना वर्ग आहे. पूर्वी हौद्यात साधारण तेवढा माल बसायचा, तेच नाव पुढे राहिलं. ओढायच्या ताकदीची अडचण नाहीच. जाहिरातीत तर पाच-पाच टनांचे आकडे असतात. खरा प्रश्न ट्रकने स्वतःच्या अंगावर किती वजन घ्यायचं हा आहे. तो आकडा ड्रायव्हरचं दार उघडलं की आतल्या खांबावर चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. आमच्या गाडीचा ७२५ किलो आहे. माणसं आणि सामान मिळून याच्या वर कधीही जाऊ नका, असं त्यावर छापलेलं आहे.

आता हिशेब बघा. ट्रेलर सगळं सामान भरून २,७२० किलो. त्यातलं बरंचसं वजन त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतं, पण १० ते १५ टक्के भार पुढच्या दांड्यातून ट्रकच्या हूकवर यावाच लागतो. त्याहून कमी आला तर ट्रेलर रस्त्यावर शेपूट हलवायला लागतो. आम्ही साडेबारा टक्के धरतो, म्हणजे ३४० किलो. जोडणीचं लोखंड ४० किलो. आम्ही तिघं १७० आणि मागच्या खेपेच्या वजनाने तुम्ही दोघं १२८. झाले ६७८. उरले ४७ किलो, आणि त्यात हौद्यातलं सगळं बसवायचं. म्हणून जनरेटर घरीच राहणार. जाहिरातीवर विसंबून कुणी याच गाडीला खरंच पाच टन जोडले, तर हूकवरच पाच-सहाशे किलो येतील आणि गाडीत घरची माणसं बसवायला जागा असूनही बसवता येणार नाहीत. हा हिशेब न करता निघालेली माणसं मी दर सुट्टीत पाहते. ट्रकचा मागचा भाग बसलेला, पुढचे दिवे आभाळाकडे. जीव खालीवर होतो.

बाबा, उसाच्या हंगामात चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचललं की स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नसतो, हे मी तुमच्याकडूनच शिकले. इथेही तेच. हूकवर ओझं आलं की मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात, आणि वळायचं काम तर त्यांचंच, ब्रेकचंही बरंचसं काम त्यांचंच. यावर उपाय म्हणून आमच्या हिचला, म्हणजे त्या जोडणीच्या लोखंडाला, दोन जाड पोलादी पट्ट्या आहेत. त्या ट्रेलरच्या सांगाड्याखाली ताणून बसवल्या की दबलेला भार थोडा ट्रकच्या पुढच्या चाकांवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर जातो. मी टेप घेऊन पुढच्या चाकावरच्या कमानीची उंची मोजते. आधी नुसत्या ट्रकची, मग ट्रेलर टेकवल्यावर, मग पट्ट्या ताणल्यावर. कंपनीच्या पुस्तकात सांगितलंय तितकं तोंड खाली आलं नाही, तर सगळं सोडून पुन्हा बसवायचं. तुम्ही आलात की टेपचं दुसरं टोक तुमच्या हातात देणार आहे.

जोडताना आम्ही बोलत नाही, फोन खिशात. ट्रेलरच्या दांड्याची वाटी ट्रकच्या हूकवरच्या गोळ्यावर बसली, खटका लागला, त्यात पिन गेली की मी जॅक फिरवून दांडा वर उचलून बघते. ट्रकचा मागचा भाग सोबत उचलला गेला तर जोड पक्का. मग दोन्ही साखळ्या दांड्याखालून एकमेकींवर फुली घालून, म्हणजे जोड सुटलाच तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडतो. शिवाय एक बारीक तार असते. ट्रेलर तुटून निघाला तर ती ओढली जाते आणि ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक आपोआप लागतात. शेवटी विजेचा सात पिनांचा प्लग, आणि जावई मागे उभे राहून एकेक दिवा तपासतात. ट्रेलरच्या टायरमधली हवाही थंड असतानाच बघायची. यातल्या बऱ्याच टायरांची मर्यादा ताशी ६५ मैल असते, आम्ही ६० च्या वर जात नाही. मागचे हॉर्न वाजवोत.

आणि मग काटा. आमच्या घराजवळ मोठ्या ट्रकांच्या थांब्यावर सार्वजनिक वजनकाटा आहे. त्याचे तीन भाग असल्यामुळे पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. कारखान्याच्या काट्यावर तुम्ही पावती हातात आल्याशिवाय हलत नसायचात, तशीच ही पावती घेऊन बसल्या जागी दाराच्या स्टिकरशी ताडून बघायची. तुम्ही दोघं गाडीत बसलेले असतानाच वजन करायचं आहे. जास्त भरलं तर तिथल्या तिथे सामान काढायचं. याला अपवाद नाही.

रस्त्याचं सांगते. इथून पश्चिमेला निघालं की आयझेनहॉवर बोगद्यापाशी रस्ता सुमारे ३,४०० मीटरवर पोचतो, कळसूबाईच्या दुपटीहून उंच. हवा इतकी विरळ की बिनटर्बोच्या इंजिनाची जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद जाते. आमच्या इंजिनाला टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंखा आहे, तरी चढावर उजव्या लेनमध्ये सावकाशच जायचं. मला चढाची नाही, बोगद्यापलीकडच्या उताराची जास्त फिकीर असते. सिल्व्हरथॉर्नपर्यंत लांबच लांब उतार, जागोजागी ७ टक्क्यांचा, आणि ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी कडेला खडीचे चढ बांधून ठेवलेले. बाबा, नवले पुलाच्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकणाऱ्यांवर तुम्ही किती संतापता, ते मला माहीत आहे. इथे उतार सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करायचा, टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढताना गिअर बदलायची पद्धत बदलणारी कळ, लावायचा, खालचा गिअर घ्यायचा आणि इंजिनालाच गाडी धरून ठेवू द्यायची. ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. वेग वाढला की थोडा वेळ दमदार दाबायचा, सोडायचा, गार होऊ द्यायचा. परतताना डेन्व्हर दिसायला लागतं तेव्हा पाट्या लागतात, की ट्रकवाल्यांनो, फसू नका, अजून उतार आणि वळणं बाकी आहेत. आमच्यासाठीही त्या तितक्याच खऱ्या.

आई, तुझ्या व्हिडिओंतल्यासारखा ट्रेलर हेलकावे खायला लागलाच तर काय, हेही सांगते. पायाखालचा ब्रेक दाबला की ट्रक थांबायला बघतो, ट्रेलर मागून ढकलतो आणि हेलकावे वाढतात. म्हणून ब्रेक नाही, स्टिअरिंगची ओढाताण नाही, वेग वाढवणं तर मुळीच नाही. ॲक्सिलरेटर सोडायचा, चाक सरळ धरायचं आणि डॅशबोर्डवरची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. गाडी ताणली जाते आणि मागचं सरळ होतं. आम्ही दोघांनी ही कळ न बघता हाताला लागेल इतका सराव केलाय. मूळ काळजी मात्र सामान भरतानाच घ्यायची. जड वस्तू खाली, चाकांच्या जरा पुढे, आणि मागच्या टोकाला काही जड बांधायचं नाही.

बाबा, यलोस्टोनचं तुमच्या मनात आहे, पण ट्रेलर घेऊन नको. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्सच्या रस्त्यावर आडवा वारा इतका सुटतो की हलक्या, उंच गाड्यांना कधीकधी रस्ताच बंद करतात. तिकडे आपण कधीतरी नुसती गाडी घेऊन जाऊ.

आता तुमच्याकडून हवंय ते. या आठवड्यात दोघांनी दवाखान्यात वजन करून मला कळवा, अंदाजे नको. आई, तुझ्या २३-२३ किलोच्या दोन बॅगा मी ट्रेलरच्या वजनात धरल्या आहेत. चिवडा, चटण्या, मेतकूट सगळं आण, फक्त तिसरी बॅग करू नकोस. गुडघ्याचा पट्टा आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेव, ती तुझ्याजवळ सीटवरच राहील. आणि बाबा, डॉक्टरांना इतक्या उंचीवरून जाण्याबद्दल विचारून घ्या. ते नको म्हणाले तर दुसरा रस्ता शोधायला माझ्याकडे वेळ आहे.

तुमची लेक