टायमिंग बेल्ट: खूण जुळली, पण कोणती?

संपादक महोदय,

टायमिंग बेल्ट म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम या दोन दांड्यांना जोडणारा दातेरी पट्टा. तो बदलताना एका दाताची चूकही महागात पडते. क्रँकच्या दातेरी चाकाला 20 दात असतील, तर एक दात म्हणजे 18 अंश. गाडी सुरू होते, पण ओढत नाही, आयडलिंगला थरथरते. आणखी दात चुकले, की बऱ्याच इंजिनांत पिस्टन आदळून व्हॉल्व्ह वाकतात.

बेल्ट चाकांवरच्या खुणा जुळवून बसवतात. घोटाळा बहुधा या खुणेतच असतो. बाहेरच्या क्रँक पुलीवरची खूण अनेक पेट्रोल गाड्यांत इग्निशन टायमिंगसाठी (ठिणगी पडण्याच्या वेळेसाठी) असते. बेल्टसाठीची आतल्या दातेरी चाकावर, तीही तेल-मळीखाली दडलेली. आधी पुसा, मग जुळवा.

बेल्ट क्रँकपासून चढवत न्यावा. सगळी ढील टेन्शनरच्या (बेल्ट ताणून धरणाऱ्या चाकाच्या) बाजूलाच यावी, दुसरी बाजू ताठ. टेन्शनर लावून पान्याने क्रँक चालण्याच्याच दिशेने पूर्ण दोन फेरे फिरवावा. तेव्हा कॅमचा एक होतो. अडकला तर जोर नको. मग चाकांवरच्या खुणा पुन्हा पाहाव्यात. बेल्टवर छापलेल्या रेघा आता जुळणार नाहीत. त्या पाहून घाबरून बेल्ट उतरवणारेही आहेत! हाताने न फिरवता थेट स्टार्टर मारणे हा निव्वळ जुगार.

– एक मोटार मेकॅनिक, सांगली