पुन्हा वर गेलेल्या विमानाची ‘बातमी’

महोदय,

मुंबईत एखादे विमान धावपट्टीला टेकता टेकता पुन्हा वर गेले, की दुसऱ्या दिवशी ‘प्रवाशांचा जीव टांगणीला’ असा मथळा ठरलेला. विमानांच्या देखभालीत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून चीड येते. उतरताना गणित बसत नसेल तर इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा फेरी मारायची, याला ‘गो-अराउंड’ म्हणतात आणि ते प्रत्येक वैमानिकाला पहिल्यापासून शिकवलेले असते. छोट्या खासगी विमानांचे उतरतानाचे बरेच अपघात हा निर्णय न घेतल्याने किंवा फार उशिरा घेतल्याने होतात.

सेसना १७२ हे चार आसनी विमान धावपट्टीकडे साधारण ६५ नॉटने, म्हणजे ताशी १२० किलोमीटरने येते. वेग १० टक्के जास्त राहिला तर थोपवायची ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. मग विमान टेकायलाच तयार होत नाही, नुसते तरंगत राहते. जुहूची मुख्य धावपट्टी सव्वा किलोमीटरचीही नाही. तिथे तरंगायला जागा कुठली? अशा वेळी घाईला येऊन नाक खाली दाबले, की पुढचे चाक आधी आपटते, विमान चेंडूसारखे उसळते आणि दुसऱ्या-तिसऱ्या उसळीत नोज गिअर (पुढच्या चाकाचा पाय) मोडून प्रॉपेलरची पाती वाकतात.

काही वेळा एवढे मोडत नाही, आणि तेच जास्त वाईट. असे विमान हँगरमध्ये आले की आम्ही आधी इंजिनामागची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधली पत्र्याची भिंत, बघायचो. पत्र्यावर सुरकुत्या दिसल्या की समजायचे, कुणीतरी चांगलेच आपटले आहे. लॉगबुकात मात्र अवाक्षर नाही! त्यानंतर तेच विमान घेऊन जाणाऱ्याला काय कल्पना?

१४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणमहून आलेले छोटे जेट सांताक्रूझला २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना बाहेर घसरून मोडले. मुसळधार पाऊस होता, दृश्यमानता ७०० मीटर. आतले आठही जण वाचले. त्या प्रकरणात कोण चुकले हे सांगणे माझे काम नाही. पण चार्टर विमानात मागे साहेब बसलेले असतात, खाली गाड्या उभ्या असतात, सभेची वेळ झालेली असते आणि ‘काय हो, उतरतोय ना?’ हा प्रश्न कॉकपिटपर्यंत ऐकू जातो. बहुतेक मोठ्या कंपन्यांत गो-अराउंडबद्दल वैमानिकाला जाब विचारत नाहीत. एक-दोन विमाने बाळगणाऱ्या मालकाकडे नोकरी करणाऱ्याला तेवढी निर्धास्ती कोण देणार? गो-अराउंडबद्दल जाब विचारणार नाही, अशी हमी डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मालकांकडून लेखी घ्यावी आणि ती पाळली जाते का, हे तपासणीच्या वेळी वैमानिकांना एकेकटे गाठून विचारावे. आणि आपल्या वार्ताहरांनी ‘जीव टांगणीला’ लिहिण्याआधी दुसऱ्या फेरीत विमान कसे उतरले, एवढे तरी विचारून घ्यावे.

– एक निवृत्त विमान देखभाल अभियंता, विलेपार्ले (पूर्व), मुंबई